रेड बसवायची कशी आणि डिस्कच्या तक्रारी वाचायच्या कशा

दोन-चार डिस्कची नॅस पेटी (नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायची डिस्कची पेटी) किंवा छोटा सर्व्हर ज्यांच्याकडे नवीन आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. सांगली, मिरज, कुपवाड भागात अशा पेट्या आता बऱ्याच ठिकाणी दिसतात. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात टॅलीचा डेटा असतो, मिरजेतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पेशंटच्या प्रतिमा असतात, तासगाव-विट्याकडच्या स्टुडिओत लग्नसराईचे शूटिंग असते. विकणारा पेटी जोडून देतो, 'आता काही काळजी नको' म्हणतो आणि निघून जातो. वर्ष-दोन वर्षांनी पेटी बोंबलायला लागते. मग मुनीमजींचा फोन येतो, "ओ दादा, पेटी लई वरडायलीया, बंद करू काय?"

बंद करू नका. का, ते पुढे येईलच. माझे मत मात्र आत्ताच सांगतो. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून त्यातली एखादी गेली तरी काम चालू ठेवायची रचना. डिस्क मरणे ही तिच्या हिशेबात धरलेली गोष्ट आहे, त्यासाठीच ती बनवली आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत डेटा गेला तो डिस्क मेल्यानंतर, कुणीतरी घाईत चुकीची डिस्क उपसली किंवा पडद्यावरच्या प्रश्नाला न वाचता 'हो' म्हटले तेव्हा. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी बऱ्याच पायऱ्या सगळे सुरळीत असतानाच करायच्या आहेत.

१. आधी बॅकअप कुठे ठेवणार ते ठरवा

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळे सांगतात आणि कुणी मनावर घेत नाही. एक डिस्क गेली तरी काम थांबू नये, एवढीच रेडची जबाबदारी. चुकून पुसलेली फाइल ती तितक्याच तत्परतेने दुसऱ्या डिस्कवरूनही पुसते. रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्ही डिस्कवर कुलूपबंदच होतात.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गणपती पेठ, मारुती चौक या भागात तळमजल्यावर जे होते ते सगळे पाण्यात गेले. एकाच पेटीतल्या चार डिस्क एकाच पाण्यात बुडतात, त्यात रेडची पातळी कितीही वरची असली तरी फरक पडत नाही. त्यामुळे निदान एक प्रत इमारतीबाहेर हवी. क्लाउडवर ठेवा, नाहीतर आठवड्याला एक बाहेरची डिस्क भरून जत-कवठेमहांकाळकडच्या पाहुण्यांकडे ठेवा. तिकडे पाण्याची तक्रार वेगळी असते, पण पूर येत नाही. आणि पेटी तळमजल्यावर ठेवलीच असेल तर निदान पावसाळ्यात ती माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर न्या.

ही व्यवस्था होत नाही तोवर रेडवर पैसे घालू नका. दोनपैकी एकाच गोष्टीला पैसे असतील तर ते बॅकअपला द्या.

२. पातळी निवडा

१९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक शोधनिबंध लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधायच्या आणि त्यातली एखादी गेली तरी चालेल अशी जादा माहिती सोबत ठेवायची, ही त्यातली कल्पना. रेडच्या पातळ्यांचे आकडे तिथून रूढ झाले. लहान ऑफिसला त्यातले मोजकेच लागतात.

रेड ० मध्ये डेटा डिस्कवर वाटून लिहिला जातो, जादा प्रत नसते. एक डिस्क गेली की सगळे गेले. व्हिडिओ एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइलींपुरते ठीक, इतरत्र नको.

रेड १ म्हणजे दोन डिस्कवर तंतोतंत एकच मजकूर. ४ टीबीच्या दोन डिस्क घातल्या तर जागा ४ टीबीच मिळते. ग्राहकाला ते अर्धे पैसे वाया गेल्यासारखे वाटते. तरी मी दहापैकी आठ ठिकाणी हीच सुचवतो. बिघाड झाला तर उरलेली एक डिस्क स्वतःच पूर्ण असते, ती दुसऱ्या मशिनला लावून डेटा काढणे बहुधा जमते. अडत दुकानाचा डेटा काही शे जीबीच्या वर क्वचितच जातो, त्याला रेड ५ चा खटाटोप कशाला?

रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा मजकूर हिशेबाने परत काढता येईल अशा जादा माहितीला, जाते. ४ टीबीच्या चार डिस्कमध्ये १२ टीबी मिळतात, म्हणून विक्रेत्यांना ती फार आवडते. तिची अडचण रीबिल्डच्या वेळी उघडी पडते. एक डिस्क गेल्यावर तिच्यावरचा मजकूर पुन्हा तयार करायचा तर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिट वाचताना फार तर एक न वाचता येणारा सेक्टर, असे लिहिलेले असते. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. ६ टीबीच्या चार डिस्कची रेड ५ असेल तर रीबिल्डला १८ टीबी वाचायचे आहेत. प्रत्यक्षात डिस्क कागदावरच्या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या निघतात. पण जादा प्रत संपलेली असताना आपण नशिबावर किती भार टाकतो आहोत ते या हिशेबातून दिसते.

रेड ६ मध्ये दोन डिस्कएवढी पॅरिटी असते आणि किमान चार डिस्क लागतात. दोन डिस्क गेल्या तरी ती टिकते. रेड १० म्हणजे जोड्यांची साखळी. वेग चांगला, रीबिल्ड सोपे, जागा निम्मी. मोठ्या डिस्कच्या चार खणांत रेड ५ पेक्षा या दोघींपैकी एक घ्या. सोनोग्राफी किंवा सीटीच्या प्रतिमांना मी रेड ६ घ्यायला लावतो.

३. डिस्क घेताना

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट, एसएमआर डिस्क रेडमध्ये नको. या प्रकारात ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना काही वेळाने वेग कोसळतो. रीबिल्ड म्हणजे सलग लिहिणेच. काही तासांचे काम दिवसांवर जाते, कधी कंट्रोलर, म्हणजे रेड चालवणारा भाग, वैतागून नवी डिस्कच बाहेर काढतो. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत हे तंत्र असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. त्यानंतर कंपन्या कोणते मॉडेल एसएमआर आणि कोणते सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारे) याच्या याद्या देऊ लागल्या. दुकानदाराच्या शब्दावर न जाता पूर्ण मॉडेल क्रमांक त्या यादीत पाहा.

दुसरी गोष्ट, डिस्क किती वेळ हट्ट धरते. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर साधी डेस्कटॉप डिस्क मिनिट-मिनिट प्रयत्न करत राहते. लिनक्स मात्र साधारण ३० सेकंद वाट पाहून डिस्कला रीसेट करतो, आणि धडधाकट डिस्क एका खराब सेक्टरपायी ॲरेबाहेर, म्हणजे रेडमध्ये बांधलेल्या डिस्कच्या संचाबाहेर, फेकली जाते. नॅससाठीच्या डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात आणि 'हा सेक्टर दुसरीकडून आण' म्हणतात. या सोयीला ईआरसी किंवा टीएलईआर म्हणतात. डिस्क आधीच घेतली असेल तर स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमने ती मर्यादा ७ सेकंदांवर लावता येते का पाहा. बहुतेक डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून ती आज्ञा मशिन सुरू होताना चालेल अशी लिहून ठेवा. सोयच नसेल तर लिनक्सची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढवा.

तिसरी गोष्ट वापरलेल्या डिस्कची. सर्व्हरमधून निघालेल्या डिस्क धुऊनपुसून 'नवीन' म्हणून विकतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत अशा सीगेट डिस्कचे मोठे प्रकरण गाजले. किती तास चालली याचा स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतला) आकडा त्यांत शून्यावर आणलेला होता. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, स्मार्टसीटीएलच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्हींतले तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा.

आणखी एक, सगळ्या डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नका. एका लॉटमधला दोष सगळ्यांत एकाच सुमाराला वर येऊ शकतो. एक सांगलीतून, एक पुण्याहून मागवली तरी चालेल, फक्त क्षमता सारखी हवी.

४. जवळ ठेवायचे सामान आणि कागद

- प्रत्येक डिस्कचे जीएसटी बिल, त्यावर सीरियल क्रमांक लिहून घेतलेला. क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून भारतात वॉरंटी आहे का ते पैसे देण्याआधीच पाहा
- पेटीच्या ॲडमिन खात्याचा पासवर्ड, कागदावर, मालकाच्या कपाटात. बसवणाऱ्याच्या डोक्यात नको
- त्याच क्षमतेची किंवा थोडी मोठी एक जादा डिस्क
- दोन जादा साटा केबल
- यूएसबी केबलने पेटीला जोडता येणारा यूपीएस
- लेबल आणि न पुसला जाणारा मार्कर
- एक वही

वहीला हसू नका. तिचा उपयोग पुढे आहे.

५. बसवण्याआधी प्रत्येक डिस्कची परीक्षा

खोक्यातून काढली आणि खणात सरकवली असे करू नका. आधी स्मार्टची लाँग टेस्ट चालवा. मोठ्या डिस्कला त्यात रात्र जाते, जाऊ द्या. त्यानंतर डिस्क एकदा पूर्ण लिहून वाचून काढता आली तर उत्तम. नवी डिस्क जायची असेल तर ती आत्ताच जावी, डेटा नसताना.

मग प्रत्येक डिस्कच्या सीरियल क्रमांकाचे शेवटचे चार अंक लेबलवर लिहून ते खणाच्या दर्शनी भागावर चिकटवा आणि वहीत खण व क्रमांकाची जोडी लिहा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे देतो, ती रीबूटनंतर बदलू शकतात. 'एसडीबी गेली म्हणजे दुसऱ्या खणातली गेली' हा अंदाज धोक्याचा आहे. एका स्टुडिओत अशाच अंदाजाने चांगली डिस्क उपसली गेली. खराब डिस्क आधीच बाहेर पडलेली, रेड ५ मधून दुसरीही निघाली आणि पेटी बसली. डेटा परत आला, पण लग्नाचा अल्बम द्यायला उशीर झाला तो झालाच.

६. ॲरे तयार करा

चार मार्ग आहेत, त्यातला एक टाळायचा.

तयार नॅस पेटी असेल तर तिच्या विझार्डमध्ये पातळी निवडा, बाकी ती करते. सिनॉलॉजीच्या पेटीत एसएचआर हा त्या कंपनीचा स्वतःचा रेडचा पर्याय आधी पुढे येतो, वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क असतील तर तो बरा.

संगणकाच्या मदरबोर्डवर बायोसमध्ये 'रेड' असा पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागू नका. बरेचसे काम त्यात ड्रायव्हरच करतो. बोर्ड जळाला तर त्याच जातीचा बोर्ड शोधत फिरावे लागते आणि पाच वर्षांनी तो मिळत नाही.

खरे हार्डवेअर कंट्रोलर कार्ड असेल तर त्याच्या बॅटरीकडे लक्ष द्या. राइट-बॅक पद्धतीत कार्ड डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेते आणि 'लिहिले' असे सांगून टाकते. वीज गेली तर ती मेमरी बॅटरीवर टिकते. बॅटरी मेली असेल तर राइट-थ्रूवर, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच 'लिहिले' सांगणाऱ्या पद्धतीवर, जा, वेग कमी होईल पण डेटा राहील.

लिनक्स सर्व्हर असेल तर एमडीएडीएम हा रेड बांधायचा प्रोग्रॅम. फुकट आहे, आणि ॲरेची माहिती डिस्कवरच लिहिलेली असल्याने कुठल्याही लिनक्स मशिनवर ती पुन्हा उभी राहते. यातले नेहमीचे खड्डे असे. अख्खी डिस्क न देता तिच्यावर जीपीटी (डिस्कच्या भागांची नोंद ठेवणारा नवा तक्ता) पार्टिशन करा आणि शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडा. बदली डिस्क चार-दोन सेक्टरनी लहान निघाली तर ती मग अडत नाही. जुना एमबीआर तक्ता २ टीबीच्या आसपासच थांबतो, तो घेऊ नका. ॲरे तयार झाल्यावर तिची ओळ एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहा आणि इनिटरॅमएफएस (मशिन सुरू होताना आधी वाचली जाणारी फाइल) अद्ययावत करा. हे राहिले की रीबूटनंतर एमडी० चे एमडी१२७ झालेले दिसते, आणि नवा माणूस ॲरे हरवली म्हणून घाबरतो. हरवलेली नसते, नाव बदललेले असते.

पहिले सिंक, म्हणजे डिस्क एकमेकींशी जुळवणे, पार्श्वभूमीला चालू राहते, तेवढ्यात पेटी वापरता येते. फक्त ते पूर्ण होईपर्यंत एकुलता एक डेटा तिच्यावर हलवू नका.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, '४ टीबी घेतली, ३.६ च दिसते, फसवले काय?' फसवले नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

७. पेटीला बोलते करा

गुपचूप बिघडलेली रेड ही सगळ्यात वाईट. एक डिस्क सहा महिन्यांपूर्वी गेलेली असते, काम चालू असते म्हणून कुणाला पत्ता नसतो, आणि मग दुसरी जाते. म्हणून ईमेल किंवा मोबाइल सूचना चालू करा आणि चाचणीचा संदेश खरोखर पोचतो का पाहा. तो मालकाच्या आणि तुमच्या, दोघांच्या फोनवर यायला हवा.

महिन्याला एकदा स्क्रबिंग लावा. त्यात सगळ्या डिस्क पूर्ण वाचून एकमेकींशी ताडल्या जातात. वर्षानुवर्षे कुणी न उघडलेल्या फाइलीखालचा खराब सेक्टर एरवी थेट रीबिल्डच्या वेळीच सापडतो, तोही जादा प्रत नसताना. डेबियनवर एमडीएडीएमचे पॅकेज टाकले की ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागते. नॅस पेट्यांत ती बहुधा स्वतः लावावी लागते.

वळवाच्या पावसात वीज झटके देत जाते-येते, तेव्हा यूपीएसची यूएसबी केबल कामाला येते. बॅटरी संपत आली की पेटी स्वतःहून नीट बंद होते. पॅरिटी अर्धवट लिहिलेली असताना वीज जाणे रेड ५ ला चांगलेच बाधते. आणि मार्केट यार्डात हळदीची धूळ पंख्याची जाळी महिन्या-दोन महिन्यांत पिवळीधमक करून टाकते. ब्रशने साफ करत चला. एप्रिल-मे मध्ये डिस्कचे तापमान ४५ अंशांच्या आत राहते का ते पाहा.

८. तक्रारी वाचायला शिका

स्मार्टचा अहवाल उघडला की वरच 'पास्ड' असे दिसते. त्यावर विसंबू नका. आचके देणाऱ्या डिस्कही शेवटपर्यंत 'पास्ड' म्हणतात. खालच्या तक्त्यातला कच्चा आकडा वाचायचा, आणि तोही मोजक्या ओळींचा.

क्रमांक ५, रीॲलोकेटेड सेक्टर. खराब ठरलेला सेक्टर बाद करून राखीव जागेतला वापरला, असे किती वेळा झाले ती मोजणी. एखाददुसरा असून वर्षभर तिथेच थांबला असेल तर लक्ष ठेवा. दर आठवड्याला वाढत असेल तर डिस्क बदला.

क्रमांक १९७, पेंडिंग सेक्टर. वाचता येत नाही, पण अजून बाद ठरवलेला नाही असा सेक्टर. रेड चालू असेल तर यावर एक सुंदर गोष्ट घडते. सेक्टर वाचता आला नाही की लिनक्स तो मजकूर दुसऱ्या डिस्कवरून काढतो आणि पहिलीवर त्याच जागी पुन्हा लिहितो. लिहिताना डिस्कला निर्णय घ्यावाच लागतो, जागा ठीक असेल तर तिथेच लिहिते, नसेल तर राखीव जागेत. मग १९७ चा आकडा उतरतो, कधी ५ चा चढतो. स्क्रबिंगनंतर १९७ शून्यावर आला तर पेटीने आपले काम केले.

क्रमांक १९८ आणि १८७ म्हणजे दुरुस्त न करता आलेल्या चुका. १८७ वाढू लागला की मी जादा डिस्क कपाटातून काढून ठेवतो. १८८ म्हणजे आज्ञेला वेळेत उत्तर न मिळणे. यात डिस्कही दोषी असू शकते, वीजपुरवठाही.

क्रमांक १९९, सीआरसी एरर. हा बहुतेक वेळा डिस्कचा दोष नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या केबलमध्ये डेटा बिघडतो आहे, असे तो सांगतो. केबल बदला, खण पुन्हा नीट बसवा. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला का एवढेच पाहायचे. नुसत्या सैल केबलपायी चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

सीगेटच्या डिस्कमध्ये क्रमांक १ आणि ७ समोर कोट्यवधींचा आकडा दिसतो. ती त्या कंपनीची मांडणी आहे, घाबरू नका.

हे आकडे महिन्यातून एकदा वहीत तारखेसह लिहा. एकटा आकडा फार बोलत नाही, मागच्या महिन्याशेजारी ठेवला की बोलतो. त्यासाठी वही.

आता ॲरेची भाषा. लिनक्समध्ये एमडीस्टॅट फाइल वाचली की चौकटी कंसात यू अक्षरे दिसतात, प्रत्येक डिस्कला एक. सगळे यू म्हणजे सगळे हजर. मध्येच आडवी रेघ म्हणजे ती जागा रिकामी. डिस्कच्या नावापुढे एफ म्हणजे बाद, एस म्हणजे राखीव. नॅस पेटीत हेच 'डिग्रेडेड' म्हणून येते. डिग्रेडेड म्हणजे डेटा शाबूत आहे पण पुढच्या बिघाडाला ढाल नाही. 'क्रॅश्ड' किंवा 'फेल्ड' म्हणजे ॲरे उभीच नाही. हे दोन शब्द एकच समजून लोक अकारण घाबरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे, अकारण निवांत राहतात.

हार्डवेअर कार्डावर 'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' दिसले तर डिस्क अजून चालते आहे पण जाणार आहे, बदलायला हाच काळ चांगला. 'फॉरेन' दिसले तर कार्डाला डिस्कवर अनोळखी मांडणी सापडली आहे. त्याखाली 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर' असे दोन पर्याय येतात. 'क्लिअर'ने ती मांडणी पुसली जाते. डेटा हवा असेल तर त्या बटणाकडे बघूही नका.

९. डिस्क गेली, आता क्रमाने

पेटी बंद करू नका. वर्षानुवर्षे फिरत राहिलेली म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असे नाही, आणि आता जादा प्रत नाही. बोंब थांबवायला बीप बंद करायचे बटण किंवा मेनूतला पर्याय असतो.

पहिले काम बॅकअप ताजा आहे का पाहणे. नसेल तर निवडक महत्त्वाचा डेटा आत्ताच बाहेर काढा. टॅलीचे फोल्डर उतरायला काही मिनिटे लागतात. रीबिल्ड त्यानंतर.

मग कोणती डिस्क ते सीरियल क्रमांकावरून ठरवा, वही आणि लेबल जुळवा. पेटीत 'लोकेट' सोय असेल तर दिवा लुकलुकवून पाहा. दोन माणसांनी क्रमांक मोठ्याने वाचून खात्री करावी. वेडेपणा वाटेल, पण करा.

डिस्क पूर्ण मेलेली नसून नुसते आकडे वाढत असतील तर एमडीएडीएमचा रिप्लेस पर्याय वापरा. त्यात जुनी डिस्क ॲरेत असतानाच तिच्यावरचे नवीवर उतरते आणि काम झाल्यावरच जुनी बाहेर पडते. जादा प्रत एक क्षणही जात नाही. हार्डवेअर कार्डांत याला कॉपीबॅक म्हणतात.

मेलेली असेल तर ती काढून नवी घाला. रीबिल्डला वेळ लागतो. ८ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंदाने भरली तरी पंधरा तास होतात, आणि वर ऑफिसचे काम चालू असेल तर जास्त. शनिवारी संध्याकाळी लावा. रीबिल्ड चालू असताना दुसऱ्या डिस्कच्या नोंदी बघत राहा.

नुसती सैल केबल किंवा विजेचा झटका यामुळे डिस्क बाहेर पडली असेल तर तीच पुन्हा जोडता येते. एमडीएडीएममध्ये बिटमॅप (कुठे बदल झाला याची नोंद) चालू असेल तर फक्त बदललेला भाग भरला जातो आणि काम पटकन उरकते.

१०. दोन डिस्क गेल्या तर

दोन डिस्क जाऊन ॲरे उभी राहिलीच नाही तर हात बाजूला घ्या. पेटी 'नवीन व्हॉल्यूम तयार करू का', 'डिस्क इनिशियलाइज करू का' असे विचारेल, उत्तर नाही. लिनक्सवर जुन्या लेखांत 'ॲरे पुन्हा क्रिएट करा' असा सल्ला सापडतो. डिस्कचा क्रम, चंकचा (डेटा वाटून लिहिताना केलेल्या तुकड्याचा) आकार, मेटाडेटाची (ॲरेच्या मांडणीच्या नोंदीची) आवृत्ती यातले एक जरी चुकले तर त्याने होता तो डेटाही जातो.

दोन डिस्क एकाच मिनिटाला गेल्या असतील तर संशय डिस्कवर कमी आणि वीजपुरवठा, केबल किंवा कार्डावर जास्त घ्या. प्रत्येक डिस्कवरची मेटाडेटा माहिती एमडीएडीएमच्या एक्झॅमिन पर्यायाने वाचून जपून ठेवा. त्यात इव्हेंट्स नावाचा आकडा असतो, तो जवळपास सारखा असेल तर जबरदस्तीच्या असेंबलने (डिस्क पुन्हा एकत्र जोडण्याच्या आज्ञेने) ॲरे बहुधा उठते. त्याआधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने प्रत्येक डिस्कची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि प्रयोग प्रतींवरच करा. एवढ्या डिस्क जवळ नसतील किंवा डिस्क खटखट आवाज करत असेल तर सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. 'आधी मी थोडे बघतो' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर आत दव धरते एवढे त्याला सांगा.

११. जुनी डिस्क परत देताना

वॉरंटीत डिस्क परत जाते आणि तिच्यावरचा डेटाही जातो. रेड १ मधली डिस्क असेल तर तिच्यावर सगळेच्या सगळे वाचण्यासारखे असते. चालू असेल तर पूर्ण पुसून द्या. चालत नसेल आणि तिच्यावर पेशंटची माहिती असेल, तर वॉरंटीचे पैसे सोडा आणि डिस्क फोडून टाका. सोनोग्राफी सेंटरसाठी मी नॅस बसवतानाच एन्क्रिप्शन चालू करायला सांगतो, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. त्याची किल्ली मात्र पेटीबाहेर, त्याच कपाटात, पासवर्डच्या कागदाशेजारी.

नवी डिस्क बसली की वहीत तिचा क्रमांक, खण, तारीख आणि बिल क्रमांक लिहा, लेबल बदला, आणि वापरून संपलेली जादा डिस्क त्याच आठवड्यात पुन्हा मागवा.